सासूबाईंच्या सतरा गोळ्या

सकाळी सात वाजता सहा गोळ्या दगडी खलात पडायच्या. लिफ्टवाले बत्त्याने त्या इतक्या बारीक करायचे, की बोटाला कण म्हणून लागू नये. ते पीठ कुस्करलेल्या केळ्यात कालवायचं, वर चमचाभर मध सोडायचा आणि वाटी घेऊन खाटेजवळच्या स्टुलावर बसायचं.

"आई, आ करा."

सासूबाई डोळे न उघडताच आ करायच्या.

आख्खी इमारत त्यांना लिफ्टवाले म्हणूनच ओळखायची. चौतीस वर्षं त्यांनी लिफ्ट दुरुस्त करण्याचं काम केलं होतं. आता वय त्रेसष्ट. सासूबाई चौऱ्याऐंशीच्या. घरात ही दोघंच, सासू आणि जावई. ज्या माणसामुळे ती एकमेकांची झाली होती, ते माणूस चौदा महिन्यांपूर्वी गेलं. लिफ्टवाल्यांची बायको एका सकाळी कामावर निघाली, चप्पल घालायला दारात वाकली आणि उठलीच नाही. डॉक्टरांनी हृदय बंद पडल्याचं सांगितलं. त्या दिवशी सासूबाई न्यूमोनियाने मोठ्या इस्पितळात होत्या.

त्यांना लेक गेल्याचं सांगितलं नव्हतं असं नाही. लिफ्टवाल्यांनी इस्पितळातच, खाटेशी बसून सांगितलं. सासूबाई ऊर फुटेस्तोवर रडल्या. दुसऱ्या दिवशी उठल्या आणि म्हणाल्या, "ही आली नाही अजून?" पुन्हा सांगितलं, पुन्हा तसंच रडणं. तिसऱ्यांदाही तेच. जखमेवरची खपली रोज उठून आपणच काढायची, हे काही लिफ्टवाल्यांना झेपेना. चौथ्या दिवशी त्यांच्या तोंडून निघून गेलं, "कामावर गेलीये."

"बरं," म्हणून सासूबाई झोपल्या. तेव्हापासून तेच उत्तर. पुढे पुढे तर त्यांनी विचारणंही सोडलं.

इस्पितळातून घरी येताना सासूबाईंबरोबर औषधांची एक फुगलेली पिशवी आली. मग हृदयाच्या डॉक्टरांकडे दाखवलं, त्यांनी दोन गोळ्या वाढवल्या. विसराळूपणासाठी मेंदूच्या डॉक्टरांकडे, लघवी आवरत नाही म्हणून त्या आजाराच्या डॉक्टरांकडे, हाडांसाठी आणखी एकाकडे. करता करता दिवसाच्या सतरा गोळ्या झाल्या, पाच वेळांना वाटलेल्या. लिफ्टवाल्यांनी फ्रिजवर तक्ता लावला, निळ्या शाईत वेळा, लाल शाईत नावं. गजर लावले. सासूबाईंना गोळ्या गिळताना ठसका लागायचा म्हणून खल आणला. चौदा महिन्यांत एकही गोळी चुकली नव्हती. या एका गोष्टीचा त्यांना अभिमान होता, आणि खरं सांगायचं तर अभिमान धरावा असं त्यांच्याकडे दुसरं काही उरलंही नव्हतं.

तरी सासूबाई खालावतच चालल्या होत्या. दिवसभर झापड. बोलल्या तर अर्धं वाक्य, तेही कुणाला उद्देशून ते कळायचं नाही. याच बाई एके काळी छापखान्यात तीस वर्षं मुद्रितं तपासत होत्या, आणि लग्नाच्या बोलणीत त्यांनी होणाऱ्या जावयाने लिहून दिलेल्या माहितीतल्या अकरा चुका दाखवून दिल्या होत्या, हे आता सांगूनही खरं वाटलं नसतं. शेजारीपाजारी म्हणायचे, "वयच झालं की हो." लिफ्टवालेही मान डोलवायचे.

मग त्या पडू लागल्या. दोन महिन्यांत तीनदा. तिसऱ्यांदा लिफ्टवाले त्यांना हाताला धरून न्हाणीघराकडे नेत होते, उतू जाणाऱ्या दुधाकडे क्षणभर वळले, तेवढ्यात मागे धप्प आवाज झाला. भुवई फुटली. चार टाके पडले.

टाके काढायला गल्लीच्या टोकाच्या आरोग्य केंद्रात त्यांनी सासूबाईंना चाकांच्या खुर्चीतून नेलं. तिथल्या डॉक्टरबाई पन्नाशीच्या, बोलायला सडेतोड. टाके निघाल्यावर लिफ्टवाले म्हणाले, "चक्कर येऊ नये म्हणून एखादी गोळी द्या ना."

डॉक्टरबाईंनी लिहायला कागद ओढला. मग पेन खाली ठेवलं.

"सध्या किती चालू आहेत?"

लिफ्टवाल्यांनी खिशातून तक्त्याची प्रत काढून दिली. डॉक्टरबाईंनी ती वरपासून खालपर्यंत वाचली, पुन्हा वरपासून वाचली.

"अठरावी लिहायला मला दोन मिनिटं लागतील," त्या म्हणाल्या. "पण मला आधी या सतरा बघायच्यात. उद्या आमच्या सिस्टर तुमच्याकडे येतील. तुम्ही पहिला डोस किती वाजता देता?"

"सातला. ठोक्याला."

"मग त्या पावणेसातला येतील."

सिस्टर पावणेसातला आली. चाळिशीची, अंगाने आडवी, पायात आवाज न करणारे बूट. आल्याआल्या म्हणाली, "काका, घरातलं सगळं औषध टेबलावर आणा. कपाटातलं, फ्रिजमधलं, उशाखालचं, जुनं, संपलेलं, सगळं. काही लपवू नका, मी काही जप्तीला आलेली नाही."

लिफ्टवाले हसले. खूप दिवसांनी कुणी त्यांच्याशी थट्टेने बोललं होतं. टेबल भरून गेलं, तेव्हा त्यांनाच नवल वाटलं. सिस्टर एकेक पाकीट चष्म्याजवळ नेऊन वाचत होती, वहीत टिपत होती.

"ही आणि ही, दोन्ही ॲसिडिटीच्या. औषध एकच आहे."

"नाही हो. एक गुलाबी आहे, एक पिवळी. नावंसुद्धा वेगळी आहेत."

"कंपन्या वेगळ्या, काका. आतलं औषध तेच. एका डॉक्टरांनी एका नावाने लिहिलं, दुसऱ्यांनी दुसऱ्या." तिने पुढचं पाकीट उचललं. "थायरॉइडची कधी देता?"

"बाकीच्यांबरोबरच, सातला. वर कपभर दूध."

"ही एकटी, उपाशीपोटी द्यायची असते. बरोबर कॅल्शियम आणि दूध गेलं तर अंगी लागत नाही."

लिफ्टवाल्यांचा चेहरा उतरला. तेवढ्यात गजर वाजला आणि सवयीने त्यांचे हात चालू लागले. सहा गोळ्या खलात टाकल्या, बत्ता उचलला. सिस्टरने चटकन त्यांच्या मनगटावर हात ठेवला.

"सगळ्या कुटता?"

"मग? त्यांना गिळवत नाहीत."

सिस्टरने खलातून एक लांबट गोळी बाहेर काढली. तिचं पाकीट शोधून त्यांच्यापुढे धरलं. "नावापुढे काय लिहिलंय, वाचता?"

लिफ्टवाल्यांनी चष्मा लावला. बारीक अक्षरं होती. ती त्यांनी रोज पाहिली होती, त्यांचा अर्थ कधी विचारला नव्हता.

"ही बीपीची गोळी पोटात हळूहळू विरघळते," सिस्टर सांगू लागली. "दिवसभर थोडी थोडी पुरते, म्हणून एकदाच घ्यायची. ती कुटली, की दिवसभराचं औषध तासा-दोन तासांत अंगात उतरतं. बीपी धाडकन खाली येतं. माणूस उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी." ती थांबली. "आजी किती वाजता पडल्या होत्या?"

 पहिल्यांदा नऊला, लिफ्टवाल्यांना चांगलं आठवत होतं. दुसऱ्यांदा साडेनऊ. तिसऱ्यांदाही नऊच वाजले होते, दूध तापत होतं.

ते खुर्चीत बसले. बत्ता अजून हातातच होता.

"म्हणजे मीच पाडलं त्यांना."

"कुटू नका, असं तुम्हाला कुणी सांगितलं होतं?"

"नाही."

"आजी गोळ्या कशा गिळतात, असं चार डॉक्टरांपैकी कुणी विचारलं?"

त्यांनी मान हलवली.

"आणि आम्ही गल्लीच्या टोकाला बसलोय, आम्हीही विचारलं नाही," सिस्टर म्हणाली. "तेव्हा वाटून घ्या, काका. सगळं एकट्याने डोक्यावर घेऊ नका. तुम्ही त्यांना सोपं जावं म्हणूनच कुटत होतात ना?"

हे ऐकून बरं वाटायला हवं होतं. पण लिफ्टवाल्यांना समोरच्या वाटीतलं केळं दिसत होतं, त्यावरचा मधही. चौदा महिने आपण हेच भरवत होतो. ते उठून गॅलरीत गेले आणि बराच वेळ आत आले नाहीत. सिस्टरने त्यांना हाक मारली नाही. तिने डॉक्टरबाईंना फोन लावला, ती गोळी थांबवून, कुटली तरी चालेल अशी दुसरी लिहून घेतली आणि सासूबाईंचं बीपी आधी बसवून, मग उभं करून मोजलं.

दुसऱ्या दिवशी डॉक्टरबाईंनी लिफ्टवाल्यांना दवाखाना संपायच्या वेळी बोलावलं. समोर सिस्टरची वही उघडी होती.

"नीट ऐका," त्या म्हणाल्या. "इस्पितळातून आल्यावर आजी गोंधळल्या होत्या, म्हणून विसराळूपणाची गोळी सुरू झाली. त्या गोळीने काहींना लघवी आवरत नाही. तसं झालं असावं. मग ती आवरायला दुसरी गोळी आली. दुसरीने तोंड कोरडं पडतं, पोट साफ होत नाही, आणि म्हाताऱ्या माणसाचं डोकं आणखी गुंगतं. पोटासाठी मग तिसरं औषध, ती कडू पुडी. मधल्या मध्ये इस्पितळातली झोपेची गोळी, जी दहा दिवसांसाठी लिहिली होती, ती चौदा महिने चालूच. यातल्या बऱ्याच काढता येतील."

"आगीतून फुफाट्यात," लिफ्टवाले पुटपुटले.

"आणि आजी तिथेच भाजतायत."

"पण डॉक्टरबाई, हे सगळे मोठे डॉक्टर. त्यांनी उगाच लिहिलं असेल का? आमच्या कामात काम झाल्यावर एक स्क्रू जरी हातात उरला, तरी आम्ही लिफ्ट चालू करत नाही. तुम्ही तर एवढं सगळं काढायचं म्हणता."

"आणि एकाच लिफ्टला चार मेकॅनिकांनी चार बाजूंनी, एकमेकांना न विचारता, भाग जोडत नेले तर?"

लिफ्टवाल्यांनी विचार केला. "तिच्यात मी माणसाला पाय ठेवू देणार नाही."

"मीही तेच म्हणतेय. कुणी चुकीचं लिहिलंय असं नाही. प्रत्येकाने आपल्यापुरतं बरोबर लिहिलंय. सगळ्यांची बेरीज कुणी केली नाही. मी चौघांशी फोनवर बोलले आहे. आपण एका वेळी एकच बदलायची. सगळ्या एकदम काढल्या आणि काही बिघडलं, तर कशाने बिघडलं ते कळायचं नाही."

हे मात्र लिफ्टवाल्यांना पटलं. बिघाड शोधण्याचा त्यांच्या धंद्यातला नियमही हाच होता.

मग कामाला सुरुवात झाली. दोन ॲसिडिटीच्या गोळ्यांची एक झाली. थायरॉइडची पहाटे साडेपाचला, एकटी. लघवीची बंद झाली. दोन आठवडे थांबून विसराळूपणाची. झोपेची सगळ्यात हळू, आधी पाव भाग कमी, मग आणखी पाव. ते दिवस सोपे नव्हते. सासूबाई चिडचिड करायच्या, अंथरुणावर तळमळायच्या, आणि लिफ्टवाल्यांना वाटायचं, असू दे, द्यावी झालं ती गोळी. सिस्टर दर दोन दिवसांनी डोकावायची, बीपी मोजायची, "अजून आठवडा कळ काढा, काका," म्हणायची.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी लिफ्टवाले मऊ भात भरवत होते. सासूबाई उशांना टेकून बसल्या होत्या. डोळे उघडे, समोरच्या भिंतीकडे लागलेले. तिथे सिस्टरने लिहिलेला नवा तक्ता चिकटवला होता.

"हे कुणी लिहिलंय?" सासूबाईंनी विचारलं.

आवाज घोगरा होता, पण वाक्य पूर्ण होतं. लिफ्टवाल्यांचा चमचा हवेतच राहिला.

"सिस्टरनी."

"'जेवणानंतर' हा एक शब्द आहे. मध्ये तोडलाय कशाला? आणि 'दुपारी' मधला 'दु' पहिला. दीर्घ नाही."

लिफ्टवाल्यांनी वाटी खाली ठेवली आणि फोन लावला. "सिस्टर, तुमचं 'दुपारी' चुकलंय!"

"काय चुकलं? दुपारची कुठली गोळी चुकली?" पलीकडून घाबरा आवाज आला.

"गोळी नाही हो! शुद्धलेखन! आई म्हणतायत!"

 पलीकडे सिस्टर मोठ्याने हसली. "आजींना सांगा, येऊन उठाबशा काढते."

त्यानंतर सासूबाईंच्या तोंडाचा पट्टा पुन्हा सुरू झाला. "जावईबापू, हा भात आहे की पोस्टरं चिकटवायची खळ?" "जावईबापू, हा सदरा तुम्ही कालही घातला होतात." सगळं पूर्ववत झालं होतं असं मुळीच नाही. कालचं जेवण त्यांना आठवायचं नाही, अंघोळ घालायला ठेवलेल्या मावशी आल्या की त्यांचं नाव दर वेळी नवं ठेवायच्या, आणि आधाराशिवाय दोन पावलंही टाकवत नव्हती. पण त्या जाग्या होत्या. बोलणी खाऊन कुणाचं पोट भरत असेल, तर त्या दिवसांत लिफ्टवाल्यांचं भरत होतं.

आणि त्या आनंदातच त्यांनी चूक केली.

सासूबाईंना पाण्याची गोळी चालू होती, अंगात साठणारं पाणी लघवीवाटे काढणारी. तिच्यामुळे सकाळी दर अर्ध्या तासाला न्हाणीघराची वारी. प्रत्येक वारीला लिफ्टवाल्यांना वाटायचं, आता पडतील, मग पडतील. एवढ्या गोळ्या काढल्या आणि बाई सुधारल्या, मग ही आणखी एक काढली तर काय बिघडलं? सिस्टरला विचारावं असं मनात आलं, पण बिचारी आधीच किती धावते, म्हणून नाही विचारलं. त्यांनी ती गोळी परस्पर बंद केली.

चौथ्या दिवशी सासूबाईंचे घोटे सुजले. सहाव्या दिवशी दुपारी त्यांना आडवं होता येईना. पाठ टेकली की जीव घुसमटायचा, ओठ निळसर दिसायला लागले. "जावईबापू, वारा येत नाहीये," त्या म्हणाल्या. खिडकी सताड उघडी होती.

फोन केल्यावर दहा मिनिटांत सिस्टर आली, तिच्या मागोमाग डॉक्टरबाई. त्यांनी इंजेक्शन दिलं, सासूबाईंना बसतं ठेवलं, नाकाला प्राणवायूची नळी लावली. इस्पितळात न्यायची तयारी ठेवली होती, पण तासाभरात धाप कमी झाली. सगळ्यांच्या जिवात जीव आला, तेव्हा डॉक्टरबाई स्वयंपाकघरात आल्या.

"पाण्याची गोळी कधीपासून बंद आहे?"

लिफ्टवाल्यांनी खाली मान घालून सांगितलं. "आधी देऊन पाडलं, आता न देऊन गुदमरवलं. मला हे जमत नाही, डॉक्टरबाई. तुम्ही दुसरं कुणीतरी बघा."

 डॉक्टरबाईंनी माठातलं पाणी घेतलं, एक पेला लिफ्टवाल्यांपुढे ठेवला.

"मी रागावलेय, हे खरं आहे," त्या म्हणाल्या. "ही गोळी त्यांच्या हृदयाचा टेकू आहे. ती काढायची नसते. कमी करायच्या म्हणजे शून्यावर आणायच्या असा अर्थ नाही. पण मीही तुम्हाला सांगायला हवं होतं, की उरलेल्या का उरल्यात. काय काढलं ते सांगितलं, काय ठेवलं ते नाही." त्यांनी पेला पुढे सरकवला. "फोन का नाही केलात?"

"सारखं काय विचारायचं."

"सारखंच विचारायचं. आम्ही पगार कशाचा घेतो?"

दुसऱ्या दिवशी सिस्टर एक कमोडची खुर्ची घेऊन आली. ती खाटेला लागूनच ठेवली, म्हणजे वारीचा प्रश्नच मिटला. मग तिने लिफ्टवाल्यांना समोर बसवून उरलेल्या प्रत्येक गोळीचं काम त्यांच्याच तोंडून वदवून घेतलं. दोनदा चुकले, तिसऱ्यांदा बरोबर सांगितलं. खाटेवरून सासूबाई म्हणाल्या, "काठावर पास."

त्यानंतरच्या एका रविवारची गोष्ट. नाश्ता झाला होता. सासूबाई भिंग घेऊन वर्तमानपत्रातल्या चुका शोधत होत्या. मध्येच त्यांनी भिंग खाली ठेवलं.

"आज वार कोणता?"

"रविवार."

"आणि ती?"

लिफ्टवाले कपडे घडी करत होते. उत्तर तोंडात तयारच होतं. "कामावर गेलीये."

"रविवारी?"

"जास्तीचं काम आहे."

"तिचा चष्मा त्या कपाटावर आहे. गेले कित्येक दिवस बघतेय. चष्म्यावाचून तिला हातभर लांबचं दिसत नाही. ती कामावर कशी गेली?" सासूबाईंचा आवाज चढला नव्हता. "जावईबापू, तीस वर्षं मी दुसऱ्यांच्या चुका शोधून पोट भरलं. सांगा."

लिफ्टवाल्यांनी हातातला टॉवेल खाली ठेवला, स्टूल ओढलं आणि सांगितलं. दारात कशी वाकली, कशी खाली बसली, त्यांनी कशी हाक मारली. या खेपेला काही गाळलं नाही.

सासूबाई ओरडल्या नाहीत. बराच वेळ त्यांची बोटं वर्तमानपत्राची कड दुमडत राहिली.

"मी कुठे होते?"

"इस्पितळात."

"मला सांगितलं होतंत?"

"तीनदा."

"आणि मी विसरले. पोटच्या लेकीचं मरण विसरले मी."

"तुम्ही विसरला नाहीत, आई. तुम्ही शुद्धीत नव्हता. माझ्याच्याने चौथ्यांदा सांगवलं नाही."

तेव्हा त्यांना रडू फुटलं. लिफ्टवाल्यांनी या बाईंना वर्षभर भरवलं होतं, उचललं होतं, धरून चालवलं होतं, पण सासू-जावयाच्या नात्यातला आब राखून. त्या दिवशी त्यांनी त्यांचा हात नुसताच हातात घेतला, कुठे न्यायचं नव्हतं तरी. दोघंही दुपार होईस्तोवर तशीच बसून होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी लेकीबद्दल पुन्हा विचारलं नाही. त्यांच्या लक्षात राहिलं होतं. पण त्या जेवल्याही नाहीत, भिंतीकडे तोंड करून पडून राहिल्या. तिसऱ्या दिवशीही तसंच. लिफ्टवाले दवाखान्यात गेले.

"ती झोपेची गोळी परत द्या," ते म्हणाले. "मला बघवत नाही. आधी निदान सुखात तरी होत्या. हे आपण बरं केलं की वाईट, मला कळेनासं झालंय."

"तुम्हाला नाही, मलाही नाही कळणार," डॉक्टरबाई म्हणाल्या. "ज्यांना घ्यायचीय त्यांना विचारू."

संध्याकाळी त्या घरी आल्या. लिफ्टवाल्यांच्या स्टुलावर बसल्या. "आजी, तुम्हाला रडू येतंय, झोप लागत नाही. ती गोळी घेतली तर हे बोथट होईल. पण पूर्वीसारखी गुंगीही येईल, पडायचीही भीती. तुम्हाला काय हवंय?"

सासूबाई वळल्या. इतक्या महिन्यांत चार मोठे डॉक्टर झाले होते, पण हा प्रश्न त्यांना पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. 

"गोळी नको," त्या म्हणाल्या. "माझी लेक आहे, मलाच रडू द्या. झोपून राहिले तर हे एकटेच रडत बसतील." त्यांनी लिफ्टवाल्यांकडे बघितलंही नाही. "द्यायचंच असेल तर गुडघ्यांना काहीतरी द्या. मला गॅलरीपर्यंत जायचंय. आणि ती कडू पुडी बंद करा, तोंडाची पार चव जाते."

कडू पुडी पोटासाठीची होती, तिची गरज आता उरलीच नव्हती. गुडघ्यांना मलम आणि एक साधी वेदनेची गोळी मिळाली. सिस्टरने व्यायाम शिकवला, खुर्चीतून उठणं आणि बसणं, आधी पाच वेळा. पंधरवड्याने सासूबाई वॉकर धरून गॅलरीपर्यंत गेल्या. आठवड्यातून दोन-तीनदा रडायच्या, जेवायच्या मात्र रोज. कधीकधी रडता रडता लेकीच्या लहानपणचं एखादं काहीतरी सांगायच्या, जे लिफ्टवाल्यांनी पस्तीस वर्षांच्या संसारात कधी ऐकलं नव्हतं. सातव्या वर्षी शाळेतून पळून ती छापखान्यात कशी आली होती, आणि शाईच्या डब्यात वेणी कशी बुडवली होती. ते हसायचे आणि पुन्हा सांगायला लावायचे.

तीन महिन्यांनी दोघं तपासणीला दवाखान्यात गेली. सतरावरून आठवर आल्या होत्या गोळ्या. बीपी ठीक, वजन दोन किलो वर. डॉक्टरबाई पुढच्या तारखेची चिठ्ठी लिहीत होत्या, तेव्हा सासूबाई म्हणाल्या, "आता यांचं बघा."

"माझं? मला काही झालेलं नाही," लिफ्टवाले म्हणाले.

"मलाही काही झालेलं नव्हतं. झोपून होते. बघा हो, सिस्टर."

सिस्टरने पट्टा गुंडाळला. एकदा मोजलं, पाच मिनिटांनी पुन्हा मोजलं आणि आकडा डॉक्टरबाईंना दाखवला. बीपी बरंच चढलेलं होतं. शेवटचं कधी मोजलं होतं, हे लिफ्टवाल्यांना आठवेना. बायको होती तेव्हा कधीतरी.

"आज गोळी लिहीत नाही," डॉक्टरबाई म्हणाल्या. "आठवडाभर रोज येऊन मोजून जा, मग ठरवू. मीठ कमी. आणि मंगळवारी नि शुक्रवारी मावशी दुपारी दोन तास आजींजवळ थांबतील, मी बोललेय त्यांच्याशी. तेवढा वेळ तुम्ही घराबाहेर. चाला, बसा, काय वाटेल ते करा."

"बाहेर जाऊन करू काय?"

"ते तुमचं तुम्ही बघा."

मंगळवारी मावशी आल्या. सासूबाईंनी जावयाला धुतलेला सदरा घालायला लावला. लिफ्टवाले खाली उतरले, गल्लीच्या टोकापर्यंत गेले, उजवीकडे वळावं की डावीकडे हे न कळून थोडा वेळ उभे राहिले. मग बाजाराला एक फेरी झाली. बागेत एका बाकावर बसले. ओळखीचा एक जुना मेकॅनिक भेटला, त्याच्याशी गप्पा झाल्या. तरीही मन घरातच होतं. शेवटी ते परत आले आणि किल्लीने दार उघडलं.

सासूबाई गॅलरीतल्या खुर्चीत बसल्या होत्या. त्यांनी भिंतीवरच्या घड्याळाकडे पाहिलं.

"दोन तास म्हटलं होतं. अजून वीस मिनिटं आहेत."

"अहो, आता आलोच आहे तर—"

"जा."

लिफ्टवाल्यांनी मावशींकडे बघितलं. मावशींनी पदर तोंडाला लावला. लिफ्टवाले हसत मागे वळले, दार लोटलं आणि पुन्हा खाली उतरले.